साडी मऊ पडेपर्यंत

आमच्या घरी वरण साडीत शिजतं.

असं एकनाथराव म्हणतात. एकनाथराव म्हणजे माझे यजमान. कोर्टात पस्तीस वर्षं नोकरी केल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा पुरावा द्यायची खोड त्यांना लागली आहे. जेवायला बसले की पातेल्यावरचं झाकण उचलून विचारतात, "भामा, आज वरण कुठल्या साडीत आहे?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच निकाल देतात, "ही ती जांभळी. आदित्यच्या मुंजीतली. काय छान दिसायचीस तिच्यात."

त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर राग येतो. आम्ही तेलुगू मुलखात राहणारी मराठी माणसं. इथे नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत शुक्रवारी संध्याकाळी सत्यवती येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. आपण जुने कपडे द्यायचे, तिनं भांडं द्यायचं. पुण्याकडे अशा बाईला बोहारीण म्हणतात. आम्ही नुसतं सत्यवती म्हणतो, कारण तिच्याआधी तिची आई यायची आणि आमचा व्यवहार चाळीस वर्षांचा आहे. या चाळीस वर्षांत माझी एकही साडी या घरात म्हातारी झाली नाही. साडीचा कडकपणा गेला, ती मऊ पडायला लागली, की मला नकोशी होते. मग तिचं पातेलं होतं, नाही तर डबा, नाही तर परात.

याला कारण आहे. आम्ही चार बहिणी, मी तिसरी. वडील मास्तर, घर विद्यानगरला. नवा फ्रॉक मोठीला शिवायचा, मग तो दुसरीला, मग मला. माझ्यापर्यंत येऊन तो पार विरून जायचा, म्हणून चौथीला पुन्हा नवा. म्हणजे नव्या फ्रॉकची हौस फिटली ती पहिलीची आणि शेवटच्या शेंडेफळाची. खालची दुमड मोठीसाठी उसवलेली, दुसरीसाठी पुन्हा घातलेली, माझ्यासाठी परत उसवलेली. तिथे गडद-फिके पट्टे दिसायचे. वर्गातल्या मुली ते पट्टे मोजायच्या, आणि मोठ्यानं मोजायच्या.

पुढे मी शाळेत गणिताची शिक्षिका झाले. पहिला पगार घेऊन तडक सुलतान बाजार गाठला, साडी घेतली, घरी येऊन नेसले आणि आरशासमोर उभी राहून ठरवलं: आजपासून कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही. बावीस वर्षांची होते. आज सहासष्टची आहे. इतकी वर्षं एखादा पण टिकवणं सोपं नाही.

अशा बाईच्या घरी केतकी सून म्हणून आली.

केतकी पुण्याची. माझ्या मुलाच्या, आदित्यच्या कंपनीतली. गुणाची पोर, पण कपड्यांच्या बाबतीत डोकं फिरलेलं, असं माझं तेव्हाचं मत होतं. लग्न झालं तेव्हा तिच्या कपाटात मोजून तीस कपडे होते. दीड वर्षानं तिनं जाहीर केलं की मार्च ते मार्च, वर्षभर एकही नवा कपडा घ्यायचा नाही. लागलंच तर मैत्रिणींशी अदलाबदल करायची, विरलं तर रफू करायचं. स्लो फॅशन म्हणतात म्हणे त्याला. मी म्हटलं, चालू द्या, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस झाले, सहा महिने झाले, पोरगी आपली त्याच निळ्या कुर्त्यात. तो कोपराला विरला तर तिनं रफू केलं, आणि तेही केशरी दोऱ्यानं.

"अगं, निळा दोरा नव्हता का घरात?" मी विचारलं.

"होता ना आई. पण मला ते दिसायला हवंय."

"फाटलेलं?"

"शिवलेलं," ती म्हणाली.

आमच्या लहानपणी न दिसणारं रफू करणाऱ्याला लोक पत्ता शोधत जायचे. ही मुद्दाम दाखवते.

त्या दिवाळीला मी तिच्यासाठी नारायणपेठ घेतली. सुती, हळदीच्या रंगाची, लाल काठाची. चार दुकानं पालथी घातली, दुकानदाराशी भांडले, तेव्हा हवा तो रंग मिळाला. केतकीनं साडी हातात घेतली, गालाला लावली आणि परत माझ्या हातात दिली. "आई, फार सुंदर आहे. पण माझं वर्ष मार्चला संपतंय. तोवर तुमच्याकडेच ठेवाल?" हसून म्हणाली, वाकून नमस्कार करून म्हणाली. पण मला लागायचं ते लागलंच. आयुष्यात कुणी आपल्यासाठी कोरी साडी आणावी म्हणून जीव टाकलेली मी, आणि ही कोरी साडी परत करते! त्यात दिवस गेल्याची बातमी दोघांनी त्याच दिवाळीत दिली, त्यामुळे भांडताही येईना. साडी मी कपाटात अगदी तळाशी ठेवून दिली.

डिसेंबरात दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाचा, कोंडापूरचा फ्लॅट सोडून आमच्याकडे राहायला आली. डॉक्टर मात्र तिकडचीच ठेवली. केतकी घरूनच काम करायची. दुपारी काम आटपलं की गॅलरीत बसून काहीबाही शिवायची, आणि मी आतून बघत बसायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी केतकीच्या आईचा, सुमनताईंचा पुण्याहून फोन आला. फोन टेबलावर, आवाज मोठा, सगळे भोवती.

"भामाताई, दुपट्यांसाठी मी अठरा साड्या धुऊन, फाडून ठेवल्यात बघा. सगळं जुनेर. दहा एप्रिलचं तिकीट काढलंय, येताना घेऊनच येते."

जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं कापड. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं लावायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी एकनाथरावांना राहवलं नाही.

"अठरा काय, छत्तीस आणा," ते म्हणाले. "पण बाळाला पहिलं कापड बापाच्या आईच्या साडीचं. आमच्या घराण्याची रीत आहे. आदित्यला माझ्या आईच्या लुगड्यात घेतला होता. आठवतंय ना, भामा?"

आठवत होतं. हिरवं लुगडं होतं. सासूबाईंनी ते माझ्या खाटेशी बसून स्वतःच्या हातानं फाडलं होतं. कडक बाई, लग्नानंतर मला कधी 'बरं केलंस' म्हणाल्या नाहीत. पण त्या लुगड्यात गुंडाळलेला आदित्य माझ्या हातात दिला तेव्हा मला वाटलं होतं, आज मी या घरची झाले.

"मी तेच विचारणार होते," केतकी म्हणाली. "आई, तुमची खूप नेसलेली एखादी सुती साडी असेल ना? पहिलं कापड तुमचंच हवं मला."

"आहेत की," मी म्हणाले. "ट्रंकेत चिक्कार आहेत."

एकनाथरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे पाहिलं.

दुपारी सगळे पडल्यावर मी त्या मांडणीसमोर जाऊन उभी राहिले. बारा पातेली, सात डबे, दोन पराती. नातवंडाला गुंडाळायला माझ्याकडे एवढं होतं. कपाटात साड्या होत्या, पण सगळ्या कडक, खळीच्या, नाही तर रेशमी. सुमनताईंच्या अठरा साड्या येतील, बाळ त्यांच्यात झोपेल, हसेल, वाढेल, आणि माझं असं एक चिंधूकही त्याच्या अंगाला लागणार नाही. मला रडू आलं, खरं सांगते. आणि रडून झाल्यावर मी शहाणपण करायचं सोडून लबाडी केली.

शुक्रवारी सत्यवतीला फाटकातच गाठलं.

"सत्यवती, मेरी दी हुई कोई पुरानी साडी है क्या तेरे पास? सुती?"

"क्या अम्मा, उल्टा बोल रे क्या? तुम देते, मैं लेती."

"इस बार मैं लेती."

"तुम्हारे साडियां कहां रहते अम्मा! नवे के नवे. जुमेरात बाजार में दो घंटे नहीं टिकते." मग माझं तोंड बघून तिनं गाठोडं सोडलं आणि तळातून एक पांढरी, निळ्या काठाची साडी काढली. कुठल्या तरी दुसऱ्याच घरची. हात लावला तर इतकी मऊ की बोटांना कळेना.

"ये लेओ. बडा डब्बा दो."

"माझा गव्हाचा डबा?"

"पहेले मेराच था," ती म्हणाली.

गहू पिशवीत ओतले आणि डबा तिच्या टोपलीत ठेवला. जन्मभर चांगल्या साड्या देऊन डबे घेतले, आणि आता डबा देऊन परक्या बाईचं जुनेर घेतलं. साडी दोनदा उकळली, कडक उन्हात वाळवली, सहा तुकडे केले आणि केतकीच्या हातात ठेवले. "माझी फार आवडती होती. शाळेत नेसायचे मी," वर हेही सांगितलं.

केतकीचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडे बघवेना. ती गॅलरीत बसून एकेका तुकड्याच्या कडा दुमडून शिवायला लागली. चोराच्या मनात चांदणं. तीन दिवस मी गॅलरीकडे फिरकले नाही.

चौथ्या दिवशी ती एक तुकडा घेऊन स्वयंपाकघरात आली. कोपऱ्यात पुसट काळ्या शाईची खूण होती, दोन ठिपके आणि एक फुली.

"आई, हे काय असतं हो?"

"धोब्याची खूण. कुणाचे कपडे कुठल्या घरचे ते कळावं म्हणून..." मी पोळी उलटता उलटता म्हणाले, आणि उलथनं तसंच हातात राहिलं.

"पण तुम्ही तर कधीच धोब्याला साडी दिली नाही ना?" केतकी म्हणाली. "खळसुद्धा घरीच करता."

हे मीच तिला दहा वेळा सांगितलं होतं, तेही मान वर करून. ती मला पकडायला आली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. सदतीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडल्या मी. पकडलं गेल्यावर त्यांना काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. ट्रंक नाही, साडी नाही, डबा गेला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या तुकड्याची घडी घालत राहिली, आणि तिचे डोळे भरले.

"मला जुनं कापड नको होतं आई. जुनं पुण्याला माझ्या आईकडे अठरा साड्यांचं आहे. मला तुमचं हवं होतं. नव्हतं तर नाही म्हणायचं ना."

मग मी तिला फ्रॉकचं सांगितलं. पट्टे, वर्गातल्या मुली, मोठ्यानं मोजणं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे मी एकनाथरावांनाही सांगितलं नव्हतं. केतकी ओट्याला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "आणि मी तुम्ही आणलेली कोरी साडी परत केली."

"केलीस," मी म्हटलं. तो राग अजून होता, उगाच कशाला नाही म्हणू?

तिनं माझा हात धरला. पिठाचा होता, तरी धरला. मग एकदम म्हणाली, "आई, नवी साडी मऊ व्हायला किती दिवस लागतात?"

"कशी नेसता त्यावर आहे."

"रोज नेसली तर?"

मी हिशोब केला. रोज नेसायची, रोज धुवायची, खळ नाही, इस्त्री नाही. "अडीच महिने तरी."

"माझी तारीख पंचवीस एप्रिल," ती बोटं मोजत म्हणाली. "म्हणजे सत्तर दिवस आहेत आपल्याकडे."

मी हात धुतले, कपाटाच्या तळातून ती हळदीच्या रंगाची नारायणपेठ काढली आणि तिच्या समोरच नेसले. परकं जुनेर पुढच्या शुक्रवारी सत्यवतीला परत दिलं. तिनं डबा मात्र परत दिला नाही.

पहिले आठ दिवस फार जड गेले. साडी ताठ, निऱ्या फुगलेल्या, बसलं की उभी राहणारी. लाल काठाचा रंग बादलीभर सुटायचा. संध्याकाळी धुवायची, सकाळी दोरीवरून काढून पुन्हा तीच. भाजीवालीनं विचारलं, दुधवाल्यानं विचारलं नाही पण बघितलं. पाडव्याला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्या बायका कोऱ्या साड्यांत, आणि मी आपली त्याच हळदीत. एकजण बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भामाताई, घरी सगळं ठीक आहे ना?" हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनात म्हटलं खरं, पण कान गरम झाले होते. पट्टे मोजणाऱ्या मुली साठ वर्षांच्या झाल्या तरी त्याच असतात.

घरी आले तर एकनाथराव म्हणाले, "मला मात्र बरं वाटतं. कोर्टातून यायचो तेव्हा दर वेळी वेगळीच बाई दार उघडायची. आता ओळखीची उघडते."

"पुरे," मी म्हटलं. पण आरशात एकदा बघून घेतलं.

हळूहळू ती साडी माझ्या लक्षात यायला लागली. इतकी वर्षं साड्या नेसले, पण साडी मऊ कशी होते ते मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं. आधी पदर सैल पडतो, मग निऱ्या आपोआप जागच्या जागी बसायला लागतात, काठ सगळ्यात शेवटपर्यंत हट्ट धरून बसतो. फोडणी उडून एक डाग पडला, रंगात रंग म्हणून दिसला नाही. आणि तिसाव्या दिवशी पदर फाटकाच्या कडीत अडकला आणि चांगला दोन बोटं फाटला.

केतकीनं शिवायला घेतला. "हिरवा दोरा घेऊ?" तिनं विचारलं. मी डोळे मिटून 'घे' म्हटलं. उघडले तर फाटलेल्या जागी एक बारकं कडुनिंबाचं पान होतं. त्यावर मी दोनदा बोट फिरवलं. दिसत होतं. मला ते दिसायला हवं होतं.

एक्केचाळिसावा दिवस शुक्रवार होता. आदित्य केतकीला तपासायला घेऊन गेला होता. मी आंघोळ करून दोरीवरची साडी काढून नेसतच होते, तोच त्याचा फोन आला. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, डॉक्टर म्हणतात आजच, आत्ताच.

"अरे, चार आठवडे आहेत अजून!" मी फोनवर ओरडले, जणू त्याचीच चूक होती.

एकनाथरावांनी रिक्षा आणली. नल्लकुंट्याहून कोंडापूर, रस्ताभर सिग्नल. मी एकही देव सोडला नाही. पोचलो तेव्हा केतकीला आत नेलं होतं. तिचे अंगावरचे कपडे नर्सनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आदित्यकडे दिले होते, आणि तो ती पिशवी छातीशी धरून उभा होता.

पाऊण वाजता मुलगी झाली. दोन किलो तीनशे, रडणं मात्र चांगलं चार किलोचं. दोघी सुखरूप. एकनाथरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा काढून पुसला.

थोड्या वेळानं नर्स दारात आली. "अम्मा, पात बट्टा उंदा? मेत्तगा उंडालि." जुनं कापड आहे का, मऊ हवं. बाळ नाजूक आहे, चार-पाच तुकडे तरी द्या.

"खाली दुकान आहे," आदित्य म्हणाला. "नवा सेट मिळतो, मी पळत जातो."

"नवं नाही," मी आणि एकनाथराव एकदम म्हणालो.

पण जुनं कुठून आणायचं? सुमनताईंच्या अठरा साड्या पुण्यात, त्यांचं तिकीट दहा एप्रिलचं. घरी भांडी. नर्स म्हणाली, बाळाच्या आईजवळ एकीला मिनिटभर आत येता येईल. मी गेले.

केतकी पांढरीफटक पडली होती. मला बघून तिनं हात थोडा हलवला.

"आई, साडी?"

"आणलीय."

"कुठे?"

"नेसून आलेय."

ती हसली, आणि मग हसल्यामुळे दुखलं म्हणून कण्हली.

"पण सत्तर दिवस झाले नाहीत गं," मी म्हटलं. "एक्केचाळीसच झालेत. काठ अजून टोचतो."

"काठ काढून टाका," केतकी म्हणाली. "पदर घ्या. पानाचा."

बाहेर आले आणि आदित्यच्या हातातली पिशवी ओढून घेतली. बाथरूममध्ये जाऊन साडी सोडली, घडी केली, नर्सच्या हातात दारातूनच दिली. मग पिशवी उघडली. आत तिचा तो निळा कुर्ता होता, केशरी कोपराचा, आणि खाली सैल सलवार. सकाळी तिच्या अंगावर होता, घामानं किंचित ओलसर. मी तो हातात धरून उभी राहिले. चव्वेचाळीस वर्षं. वाटलं होतं की हात पुढे होणार नाहीत. झाले. डोक्यातून घातला, बाह्यांत हात गेले, पोटाशी तिनं सैल करून घेतलेला तो मला बरोब्बर बसला. आणि काय सांगू, इतका मऊ होता! इतकं मऊ कापड मी कधी अंगावर राहूच दिलं नव्हतं. त्याच्या आधीच सत्यवतीला देऊन टाकत आले.

बाहेर नर्सनं कात्रीनं काठ वेगळे केले होते. पदराकडे तिनं कात्री नेली तेव्हा मी म्हटलं, "थांब." तो मी हातानं फाडला. सरळ फाटला, आवाज करत. सासूबाईंनी हिरवं लुगडं फाडलं तेव्हा असाच आवाज झाला होता.

दहा मिनिटांनी त्यांनी तिला आणून माझ्या हातात दिलं. हळदीच्या रंगाचं गाठोडं, त्यातून बाहेर आलेला लाल चेहरा आणि हनुवटीखाली एक हिरवं पान. मी रडले. चारचौघांत, सुनेच्या कुर्त्यात, चांगली मोठ्यानं रडले. एकनाथराव माझ्याकडे बघत होते, आणि त्या दिवशी त्यांनी कुठलाच निकाल दिला नाही.

संध्याकाळी केतकीचं सामान आणायला आम्ही दोघं घरी आलो. रिक्षातून उतरले तर फाटकाशी सत्यवती टोपली उतरवून बसलेली. ती नुसती बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला साडीशिवाय पाहिलं नव्हतं. उठली, जवळ आली, आणि धंद्याची सवय म्हणून कुर्त्याची बाही दोन बोटांत धरून चोळून बघितली. कोपरावरच्या केशरी दोऱ्यावर तिचं बोट थांबलं.

"पुराना है अम्मा," ती म्हणाली. "लेकिन कपडा अच्छा. देते क्या? कुक्कर के अंदर का डब्बा दूंगी. तुम्हारा गेहूं का बडा डब्बा भी वापस दूंगी."

"नक्को," मी म्हणाले. "बहू के उतरे हुए कपडे हैं ये. मैं पहनतूं."

गल्लीतल्या दोन-तीन बायका फाटकाशी उभ्या होत्या, म्हणून मी ते पुन्हा एकदा मराठीतही सांगितलं, जरा मोठ्यानं. मग आत जाऊन सत्यवतीसाठी साखर घेऊन आले.